अठ्ठाविसावा हात

चर्चमधल्या रविवारच्या मिस्साहून मानांग पुरिंग घरी परतल्या आणि त्यांच्या गळ्यात किल्ली लटकताना नेनिंगला दिसली. आजचं जेवण कुणालाच पचायचं नाही, हे तिनं तिथंच ओळखलं.

किल्ली शोकमातेच्या खोलीची. एरवी ती दाराशेजारच्या खिळ्यावर असायची. शोकमाता मारियेची मूर्ती चार पिढ्या रेकामारांच्या या घरात राहत होती आणि वर्षातून एकदा, गुड फ्रायडेला, मिरवणुकीपुरती बाहेर पडत होती. तिचे झगे, तिचा खऱ्या केसांचा टोप, छातीत खोवायच्या सात चांदीच्या सुऱ्या, सगळं घरातल्या थोरल्या लेकीच्या ताब्यात. म्हणजे गेली चौपन्न वर्षं मानांग पुरिंगच्या. किल्ली खिळ्यावर असली की घर शांत. गळ्यात आली की नकार, आणि तो नकार फक्त घराला नसे, गावालाही असे. मागं एकदा बिशपांनी मिरवणुकीचा रस्ता बदलायचा घाट घातला होता, तेव्हा किल्ली अकरा दिवस गळ्यात राहिली. बाराव्या दिवशी रस्ता पूर्ववत झाला. शोकमातेवाचून मिरवणूक काढायची छाती तालिसायोन गावात कुणाची नव्हती.

आजचा नकार नेनिंगच्या पोरीला होता.

मारिविकनं दीड वर्ष खपून सान तेल्मोच्या कॅथेड्रलचा जतन आराखडा तयार केला होता. स्पेनच्या पाद्र्यांनी प्रवाळाच्या दगडातून उभं केलेलं ते कॅथेड्रल तिनं कौलापासून पायापर्यंत मोजलं, ठोकून पाहिलं, त्याची ओल तपासली. दोनशे पानं झाली. त्यातल्या एकशे नव्याण्णव पानांबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती, कारण ती कुणी वाचली नव्हती. एकसष्टाव्या पानावर मात्र एक ओळ होती: बाहेरचा सिमेंटचा गिलावा संपूर्ण काढून पुन्हा चुन्याचा करावा.

आता हा गिलावा काही कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता. तो मारिविकच्या आजोबांचा, लोलो आन्सेल्मोंचा नवस होता. बायको दुखण्यातून उठली तर सान तेल्मोचं घर सिमेंटनं मढवीन, असं ते बोलले आणि १९७३ साली तसं त्यांनी केलं. मुख्य दारापाशी तसा संगमरवरी फलक आहे. कॅथेड्रल मढवलेलं पाहून सगळ्या गावानं आपापली घरं सिमेंटनं मढवली, आणि ते सिमेंट विकायला लोलो आन्सेल्मोंनी दुकान घातलं. देवाची सेवा आणि धंद्याची जाहिरात एकाच पोत्यातून झाली. ते दुकान आज नेनिंगचा नवरा दोरो चालवतो. म्हणजे पोरगी शिकली सिमेंटवर, आणि शिकून आली ती सिमेंटच्याच मुळावर.

मंगळवारी आराखडा बिशपांच्या मंडळापुढं जायचा होता. त्यावर कॅथेड्रलचे प्रमुख पाद्री म्हणून मोन्सिन्योर रुफोंची सही हवी होती. मोन्सिन्योर हे दोरोचे थोरले भाऊ, आणि थोरल्या बहिणीला, म्हणजे मानांग पुरिंगना, विचारल्याशिवाय ते चष्म्याचा नंबरसुद्धा बदलत नसत. इकडं मारिविकला सिंगापूरहून नोकरीचं बोलावणं आलेलं. बुधवारपर्यंत कळवायचं होतं. आराखडा नापास झाला तर मी कशाला थांबू, असं ती आईला सरळ म्हणाली होती. नेनिंगला दगडातलं काही कळत नव्हतं. पण ज्या भिंतीपायी एकुलती एक लेक घरात राहते, ती भिंत तिला सख्खी वाटायला लागली होती.

दुपारी टेबलावर नकाशे पसरले गेले. कोपरे उडू नयेत म्हणून एका टोकाला भाताचं पातेलं, दुसऱ्या टोकाला हुंबाची वाटी. काळ्या घेवड्यात शिजलेल्या डुकराच्या मांसाच्या त्या गोडसर रश्श्याचा एक थेंब नकाशातल्या उत्तरेच्या भिंतीवर पडलाच.

"बघ, सुरुवात झाली," दोरो म्हणाला. "तुझ्या चुन्याला ओल लागली."

"ताताय, ओल आधीपासूनच आहे. तेच तर सांगतेय," मारिविक म्हणाली. "भिंत पाणी पिते. पूर्वी चुन्यातून ते सुकून जायचं. आता बाहेरून सिमेंट, आतून ऑइलपेंट. पाणी जाणार कुठं? आतल्या आत दगड कुजतोय. उत्तरेची भिंत चार बोटं बाहेर आलीय."

"चार बोटं म्हणजे माझी की मोन्सिन्योरची?"

मोन्सिन्योर रुफोंनी आपल्या जाडजूड बोटांकडं पाहिलं आणि ती रश्श्यात बुडवली. सूप येईपर्यंत ते बहिणीच्या बाजूनं होते. हुंबा आल्यावर ते पुतणीकडं झुकले. "पोरीच्या म्हणण्यात तथ्य आहे, मानांग," ते म्हणाले. "परवा मिस्सा चालू असताना संत रोकेच्या डोक्यावर पोपडा पडला. लोक म्हणाले चमत्कार."

"मग चमत्कारच तो," मानांग पुरिंग म्हणाल्या. त्या जेवत नव्हत्या. भाताची शितं काट्यानं एका रांगेत लावत होत्या. "वडील वारले तेव्हा तू सेमिनरीत होतास, रुफो. त्यांचा हात माझ्या हातात होता. म्हणाले, भिंत सांभाळ."

"सांभाळायचीच तर चाललीय, तिया," मारिविक म्हणाली.

"कपडे काढून?"

दोरोनं घसा साफ केला. बापाचा नवस, बहिणीचा रुसवा, लेकीची नोकरी आणि स्वतःचं दुकान अशा चार होड्यांत त्याचे दोनच पाय होते. "मी म्हणतो, मधला मार्ग काढा. कंपनीचा माणूस सांगत होता, आता नवीन सिमेंट आलंय. श्वास घेणारं. जुनं काढायचं, हे लावायचं. नवसही राहिला, भिंतही राहिली."

"आणि दुकानही राहिलं," नेनिंग भात वाढता वाढता म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी वाढतेय."

मोन्सिन्योरना श्वास घेणारं सिमेंट पटलं. पण डिसेंबरात कॅथेड्रलला अडीचशे वर्षं पुरी होत होती आणि बिशपांना त्याआधी सगळं बदामी रंगात चकाचक हवं होतं, शिवाय स्टीलची दारं. ते आठवल्यावर त्यांना तेही पटलं. मोन्सिन्योर असे तळ्यात-मळ्यात करायला लागले की त्यांना एखादी गोष्ट सांगायला लावायची, ही या घरातली जुनी युक्ती. दोरोनं विचारलं, "मानोंग, ती अंड्यांची गोष्ट खरी ना?"

"खरी म्हणजे काय!" मोन्सिन्योर खुलले. "बदकाची लाखभर अंडी. आपल्या पणजीच्या आजीनं घरोघर फिरून गोळा केली. पांढरं चुन्यात, पिवळं स्वयंपाकघरात. म्हणून तर आपल्या तोर्ता केकात आजही चोवीस अंड्यांचा बलक पडतो. भिंतीला पांढरं, पोटाला पिवळं!"

"प्रयोगशाळेत नमुने पाठवले होते, तियो," मारिविक बोलून गेली. "चुन्यात अंडं सापडलं नाही. एकसुद्धा."

अडीचशे वर्षांची गोष्ट पोरीनं एका वाक्यात फोडली होती.

"मग पांढरं गेलं कुठं?" दोरोनं विचारलं.

"पाद्र्यांच्या पोटात," नेनिंग म्हणाली आणि लगेच जीभ चावली. मोन्सिन्योरनी काटा खाली ठेवला.

खरं तर इथंच थांबायला हवं होतं. पण मारिविक रेकामारांचीच लेक. एकदा तोंड उघडलं की बंद कसं करायचं हे तिला बापाकडूनही शिकायला मिळालं नव्हतं. ती मानांग पुरिंगकडं वळली. "तिया, सगळ्या गोष्टी गोड म्हणून खऱ्या मानायच्या का? लोलोंनी प्रेमानं केलं असेल, पण त्यांचं सिमेंट कॅथेड्रलचा जीव घेतंय. ते देणं नाही, ती चूक आहे."

मानांग पुरिंग उठल्या. ओरडल्या नाहीत. खुर्ची नीट आत सारली.

"त्या चुकीवर माझी आई बावीस वर्षं जगली," त्या म्हणाल्या. "तू सिंगापूरला जा, इंदाय, माझ्या पोरी. तिथं सगळं काचेचं आहे म्हणतात. काही चुकलं तर लगेच दिसतं."

त्या शोकमातेच्या खोलीत गेल्या आणि कडी आतून लागली.

स्वयंपाकघरात मारिविक ताट घासत उभी राहिली. ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"मी उद्याच कळवते त्यांना, नानाय. बुधवारची वाट कशाला बघायची?"

"तोर्ता कापायचाय अजून," नेनिंग म्हणाली. दुसरं काही म्हटलं असतं तर ती रडली असती. "काय गं, ते पुडक्यात काय आणलं होतंस दाखवायला?"

मारिविकनं ओल्या हातानंच खिशातून टिश्यू कागदाची घडी काढली. आत अंगठ्याएवढा एक खपला होता. "काही उपयोग नाही आता. हा उत्तरेच्या दारापाशी सिमेंटखालून निघाला. नियमाप्रमाणे गवंड्यांनी सिमेंट लावायच्या आधी जुना चुना खरवडायचा असतो. पण ती बाजू गल्लीत, कुणी बघत नाही, म्हणून त्यांनी आळस केला. त्यांच्या आळसामुळं सगळे थर राहिलेत. हे बघ, कडेनं. दर वर्षी जत्रेआधी चुन्याचा एक हात द्यायचे ना? प्रत्येक रेघ म्हणजे एक हात. पंचेचाळीस साली लढाईत छप्पर जळालं, त्याची ही काजळी. तिच्यावर अठ्ठावीस."

नेनिंगनं खपला उजेडात धरला. कांद्याच्या पाकळ्यांसारखे बारीक थर होते.

"आणि हे सगळ्यात वरचं निळसर का?"

"माहीत नाही. फक्त शेवटचाच तसा आहे. मी आराखड्यात लिहिलंय, 'कारण अज्ञात'."

नेनिंगनं घडी मिटली, एका बशीत तोर्ताचा तुकडा घेतला आणि ती शोकमातेच्या दाराशी गेली. तिच्या मनात काही मोठी योजना वगैरे नव्हती. मानांग पुरिंगना गोड आवडतं आणि मोजायला आवडतं, एवढंच तिला बत्तीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

"मानांग, तोर्ता. आणि एक मोजून द्यायचंय. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

बऱ्याच वेळानं कडी निघाली.

आत शोकमाता घरच्या साध्या काळ्या झग्यात उभी होती. गुड फ्रायडेचा पांढरा बुरखा खुर्चीवर इस्त्रीसाठी पसरलेला. मानांग पुरिंग बुरख्याशेजारी बसल्या, चष्मा पुसला आणि सुईनं एकेक थर त्याच्या सालानं मोजू लागल्या. ओठ हलत होते, माळ जपताना हलतात तसे. "शेचाळीस... सत्तेचाळीस... हा पन्नास, त्या साली वादळ झालं, चुना पातळ लागला... हा साठ..."

सुई शेवटच्या रेघेवर थांबली.

नेनिंगला वाटलं, त्या मोजायला विसरल्या. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि नकळत मागं हात नेऊन दार लोटून घेतलं.

"ही नीळ आहे," मानांग पुरिंग म्हणाल्या. "कपड्यांची नीळ. माझी."

त्यांनी बुरख्याकडं बोट दाखवलं. "याच्यासाठी आणलेली. इस्कोला मी म्हटलं, तुझा चुना सुकला की पिवळा दिसतो, म्हाताऱ्याच्या दातांसारखा. थोडी नीळ घाल. पुडी दिली. त्या गाढवानं अख्खी पुडी पिंपात ओतली."

इस्को लागुंदाय. चुन्याच्या भट्टीवाले लागुंदाय. हे आडनाव या घरात कुणी घेत नसे. का घेत नाहीत, ते नेनिंगला लग्न करून आल्यापासून कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

"जत्रेच्या दिवशी दुपारी सगळं कॅथेड्रल निळसर दिसत होतं, नेनिंग. समुद्रातून वर काढल्यासारखं. लोक हसत होते. मला इतकं सुंदर कधी काही दिसलं नाही. वडिलांनी त्याला विचारलं, नीळ कुठली? खोटं बोलायला काय झालं होतं त्याला? म्हणाला, पुरिंगनं दिली. आणि त्याच दमात मला मागणी घातली. अंगावर चुन्याचे डाग, पायात चपला नाहीत."

"मग?"

"मग नवस."

नेनिंगनं मनातल्या मनात हिशेब केला, आणि तो जुळेना. "पण मानांग, सासूबाईंचं ऑपरेशन तर त्याआधी... त्या जत्रेत त्या वाढत होत्या ना? तुम्हीच सांगता, अडीचशे पानं उठली म्हणून."

"फेब्रुवारीत झालं ऑपरेशन. पित्ताचे खडे. एप्रिलच्या जत्रेत आई नाचली. नवस बोलले गेले मे महिन्यात, सिमेंट आलं जूनमध्ये." मानांग पुरिंगनी खपला कागदावर ठेवला. "चुना नको, तर चुनेवाला नको. दरवर्षी त्या पोरानं दारात यायला नको. बापानं नवस फेडला नाही, नीळ झाकली. फलकावर नवसाची तारीख आहे. पन्नास वर्षं गाव वाचतंय, कुणी मोजून पाहिलं नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं? सगळी वर्षं?"

"मला मोजता येतं," मानांग पुरिंग म्हणाल्या. "पण नवस म्हटलं की सोसायला बरं पडतं गं. देवानं घेतलं म्हणता येतं. बापानं घेतलं म्हटलं असतं, तर त्यांच्या हातात हात देऊन बसले असते का मी शेवटी?" त्यांनी शोकमातेच्या पायांजवळचा धागा उचलला आणि मुठीत धरला. "सात मुलं झाली त्याला. मी मोजली आहेत. बायको गेली गेल्या वर्षी. तिच्या मिस्साला मी शेवटच्या बाकावर होते."

त्या रडल्या नाहीत. नेनिंगला मात्र रडू आवरलं नाही, आणि मानांग पुरिंगनी तिच्या हातातली बशी काढून घेतली, नाहीतर तोर्ता खारट झाला असता.

टेबलापाशी दोघे भाऊ श्वास घेणाऱ्या सिमेंटपर्यंत आले होते. बदामी रंगात. मारिविक नकाशे गुंडाळत होती. मानांग पुरिंग येऊन आपल्या जागेवर बसल्या, गळ्यातली किल्ली काढली आणि नेनिंगच्या हातात दिली.

"खिळ्याला लाव."

दोरोनं आ वासला. मोन्सिन्योरनी क्रुसाची खूण केली.

"एकसष्टावं पान आहे तसं ठेव, रुफो. सही कर."

"मानांग, आणि वडिलांचा नवस?"

"पन्नास वर्षं पाळला. कुठल्याही शिक्षेला एवढी मुदत पुरे." त्यांनी काटा उचलला. "फलक काढू नका. आराखड्यात लिहा, तोही जतन करायचा. तारखेसकट."

"बघितलंस?" मोन्सिन्योर पुतणीला गहिवरून म्हणाले. "तू कागद दाखवलेस, काही झालं नाही. दहा मिनिटं शोकमातेपुढं बसल्या आणि प्रकाश पडला. पुढच्या रविवारी मी यावरच प्रवचन देणार." आणि त्यांनी तिथल्या तिथं सही ठोकली, हुंबाच्या डागाला लागून.

दोरोनं शेवटची धडपड केली. "ठीक आहे, काढा. पण चुना करणार कोण? सिमेंट गोणीतून येतं. चुना विरवायचा, महिनोन् महिने पाण्याखाली मुरवायचा, कुणाला येतं आज हे?"

मारिविकनं आईकडं पाहिलं. "एक माणूस आहे," ती हळूच म्हणाली. "मत्स्यतळ्यांना चुना विकतो. अख्ख्या प्रांतात तो एकच उरलाय. मी आराखड्यात नाव नाही घातलं. 'स्थानिक कारागीर' एवढंच लिहिलंय. वाटलं, उगाच घरात..."

"फ्रान्सिस्को लागुंदाय," मानांग पुरिंग म्हणाल्या. पन्नास वर्षांनी ते नाव त्या टेबलावर आलं आणि काही पडलं नाही, काही फुटलं नाही. "पूर्ण नाव लिही. कारागिराला नाव असतं. आणि सिंगापूरला आज काय ते कळवून टाक, इंदाय. लोकांना ताटकळत ठेवू नये."

"हो, तिया."

"उद्या भट्टीवर स्वतः जा. चपला घालून यायला सांग त्याला." मानांग पुरिंगनी तोर्ताचा मोठा तुकडा तोडला. "आणि म्हणावं, नीळ बाजारातून आणू नको. माझ्याकडे आहे. फक्त या वेळी अख्खी पुडी ओतू नको."

मोन्सिन्योरनी सहीवरून नजर उचलली. "कसली पुडी?"

"तोर्ता घ्या, मोन्सिन्योर," नेनिंग म्हणाली आणि किल्ली खिळ्याला लावायला निघाली.